लसीनंतरचा अर्धा तास आईबाबांना औषध शिकवायला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबई महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात बाळाला लस टोचली की आईला अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात. बाळाला काही त्रास होत नाही ना, हे बघण्यासाठी. त्या अर्ध्या तासात आया बाकावर बसून असतात, बाळं रडून रडून झोपी जातात, बरोबर आलेले बाबा दाराबाहेर मोबाइल बघत उभे असतात. माझी मागणी या अर्ध्या तासाबद्दल आहे. लहान मुलांना अँटिबायोटिक कधी लागतं, ते कसं द्यायचं आणि कधी अजिबात द्यायचं नाही, हे आईबापांना शिकवायला याहून चांगली वेळ मला दिसत नाही. मूल आजारी पडल्यावर ऐकायला कुणी तयार नसतं. तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव नुसता ताप उतरण्याकडे लागलेला असतो.

मी फार्मासिस्ट आहे. कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीजवळ माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे सातारा-सांगलीकडची, जुन्नर-आंबेगावकडची माथाडी कुटुंबं, रबाळे-महापेच्या कंपन्यांत जाणारी तरुण जोडपी आणि रो-हाउसच्या वरच्या मजल्यांवर भाड्याने राहणारी, उत्तरेकडून आलेली माणसं. पावसाने जोर धरला की संध्याकाळी काउंटरपाशी उभं राहायला जागा नसते आणि त्यातली बरीचशी गर्दी लहान मुलांच्या औषधांसाठी असते. "ताई, मागच्या वेळचं ते पावडरचं औषध द्या." "दोन दिवस झाले, ताप हटत नाही, जरा स्ट्राँग काहीतरी द्या." कुणी मोबाइल पुढे करतं, त्यात गेल्या वर्षीच्या चिठ्ठीचा फोटो. कुणाच्या मोबाइलवर जावेच्या मुलाच्या चिठ्ठीचा.

या आयांना मी कधी बोल लावत नाही. पाळणाघर तापाचं मूल घेत नाही. एक दिवस घरी राहिलं तर रोज बुडतो. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे फी, वर तासभर रांग, आणि कडेवर किरकिरणारं पोर. अशा वेळी जे औषध मागे लागू पडलं असं वाटतं तेच मागावंसं वाटणार. म्हणून तर त्यांना आधीच, शांतपणे, कुणीतरी शिकवलं पाहिजे असं मी म्हणते.

लहान मुलांची सर्दी, घसा, खोकला, ताप हे बहुतेक वेळा विषाणूंमुळे असतं. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूंवर त्याचा काही परिणाम होत नाही. शेंबूड आधी पाण्यासारखा असतो, मग घट्ट होतो, पिवळा-हिरवा होतो. साध्या सर्दीतही असंच होतं. नुसता हिरवा रंग दिसला म्हणून अँटिबायोटिक लागतं असं नाही. खोकला तर ताप गेल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पण घरात हिशेब वेगळा मांडला जातो. पहिल्या दिवशी ताप आला, दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं, चौथ्या दिवशी मूल खेळायला लागलं. ताप उतरला तो त्याच्या वेळेने, श्रेय मात्र बाटलीला मिळतं. मग ती उरलेली बाटली फ्रिजच्या दारात उभी राहते आणि पुढच्या तापाला डॉक्टरांच्या आधी तीच उघडली जाते. थोरल्याची धाकट्याला, आपल्या घरातली शेजारच्या पोराला.

इथे एक गोष्ट आईबापांच्या लक्षात आणून द्यावी लागते. त्या बाटलीवर जो आकडा असतो तो फार महत्त्वाचा आहे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड या अँटिबायोटिकचं पातळ औषध आपल्याकडे 228.5 मिलिग्रॅम आणि 457 मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं, दोन्ही दर पाच मिलिलिटरमागे. बाटली तशीच, खोका जवळपास तसाच. सहा वर्षांच्या दादाची 457ची बाटली, आणि दीड वर्षाच्या बहिणीला तिच्या मागच्या, 228.5च्या चिठ्ठीत पाहून तेवढंच माप दिलं, तर तिच्या पोटात दुप्पट औषध जातं. सेफिक्सिम या दुसऱ्या अँटिबायोटिकचं तसंच, 50 आणि 100. तापाच्या पॅरासिटामॉलचं तर याहून वाईट. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतं आणि 125च्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये 125. म्हणजे थेंबांचं औषध सिरपच्या मापाने दिलं तर चौपट. मुलाचं औषध वजनावर ठरतं, वयाच्या अंदाजावर नाही, आणि दोन महिन्यांपूर्वीचं वजनही लहान बाळाच्या बाबतीत जुनं होतं. म्हणून जुनी चिठ्ठी चालत नाही, हे मी रोज सांगते. समजावून सांगितलं की लोकांना पटतं. नुसतं "चिठ्ठी आणा" म्हटलं की राग येतो.

आता पावडरच्या बाटलीबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात आणि सगळ्यात कमी शिकवलं जातं तेही तिथेच. लहान मुलांची बरीच अँटिबायोटिक्स कोरड्या पावडरच्या रूपात येतात, कारण पाणी घातल्यावर ती फार दिवस टिकत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एक आजी बाटली घेऊन परत आल्या. "अहो, हे औषध काही लागू पडेना. बदलून द्या." नात दीड वर्षाची, आई महाप्याला कामाला, औषध द्यायचं काम आजींकडे. मी बाटली उजेडात धरली. पाणी खुणेच्या वर, थेट गळ्यापर्यंत भरलेलं. औषध ताकासारखं पातळ दिसत होतं. विचारलं तर म्हणाल्या, घट्ट होतं, पोरगी थुंकायची, म्हणून रोज थोडं पाणी घालत गेले. तळाला हात लावून पाहिला तर पांढरा गाळ घट्ट बसलेला. बाटली एकदाही हलवली नव्हती. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस मुलीला जवळपास पाणीच मिळालं होतं, आणि तळाशी आलं असतं तेव्हा एकदम जास्त गेलं असतं. आजींनी नातीसाठी जागून, मांडीवर घेऊन, मायेनेच औषध दिलं होतं. त्यांना कुणी दाखवलं नव्हतं, एवढंच. मी त्यांना आणि नातीला तशाच परत डॉक्टरांकडे पाठवलं.

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1945 मध्ये नोबेल मिळालं, तेव्हाच्या भाषणात त्यांनी नेमका हाच धोका सांगितला होता: अजाणतेपणी कमी औषध घेतलं की जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. त्यांना तेव्हा जे दिसलं ते आमच्या काउंटरवर त्या गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत दिसतं.

खरं तर बाटली तयार करायला पाच मिनिटं पुरतात. आधी बंद बाटली तळहातावर आपटायची, म्हणजे तळाशी बसलेली पावडर सुटी होते. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. कोमट पाणीही नको, गरम पाण्याने औषध खराब होतं. काही कंपन्या खोक्यातच पाण्याची छोटी कुपी देतात, तेव्हा तीच वापरायची. पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालायचं, झाकण लावून जोरात हलवायचं, फेस खाली बसू द्यायचा. मग खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि पुन्हा हलवायचं. फेस असताना खूण गाठली असं वाटतं, आणि तो बसल्यावर पाणी कमी पडलेलं दिसतं. म्हणून घाई नको. त्यानंतर बाटलीत पाण्याचा एक थेंबही वाढवायचा नाही. प्रत्येक डोसाआधी बाटली हलवायची. माप घरच्या चमच्याने घ्यायचं नाही, कारण आपल्या घरात चहाचे चमचेसुद्धा दोन आकारांचे असतात. मापाचं झाकण सपाट जागेवर ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघायचं, किंवा बाळ फार लहान असेल तर बिनसुईची सिरिंज घ्यायची आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशाकडे पिचकारी मारायची नाही. अर्ध्या तासाच्या आत मुलाने ओकून टाकलं तर डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची बाटली पाणी घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि सात दिवसांनी, अर्धी उरली असली तरी, टाकून द्यावी लागते. मी बाटलीवर काळ्या पेनने पाणी घातल्याची तारीख आणि फेकायची तारीख लिहून देते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लेबलावर सूर्य आणि चंद्र काढते, म्हणजे सकाळ-रात्र कळते. सगळ्यांकडे फ्रिज नसतो. त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, लाजू नये. अमॉक्सिसिलिन, सेफिक्सिम अशा काही औषधांच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात, आम्ही त्यांना डीटी म्हणतो. चमचाभर पाण्यात गोळी टाकली की विरघळते, फ्रिज लागत नाही, गावी यात्रेला जाताना पिशवीत टाकता येते. न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनाही मुलांना अशाच विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या सुचवते. पण फ्रिज नाही हे आईने सांगितलंच नाही तर डॉक्टर पावडरचंच लिहून देतात.

यात्रेवरून आठवलं. चैत्रात आणि मे महिन्यात आमच्याकडची निम्मी वस्ती गावाला जाते, आणि चालू असलेलं औषध इथेच राहतं. ताप उतरला म्हणून दुसऱ्याच दिवशी औषध बंद करणारेही पुष्कळ. औषध किती दिवस घ्यायचं ते डॉक्टर ठरवतात: कधी तीन दिवस, कधी पाच, टायफॉइडला त्याहून जास्त. मुलाला बरं वाटतंय, थांबवू का, असा प्रश्न डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही, पण न विचारता थांबवायचं नाही आणि उरलेलं पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचं नाही. या औषधांनी जुलाब होऊ शकतात, हेही आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर आई घाबरून औषध बंद करते, किंवा जुलाबासाठी दुसरं अँटिबायोटिक मागायला येते.

जुलाबाचं तर वेगळंच सांगायला हवं. लहान मुलाच्या साध्या पाण्यासारख्या जुलाबांना बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही. लागतं ते ओआरएस आणि झिंक. झिंक चौदा दिवस द्यायचं, सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं असतं, आणि आमच्याकडे ते सर्रास एका पेल्यात घातलं जातं. ते खारट पाणी मुलाला अपायकारक आहे. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते बघायचं, कारण पेल्याची छोटी पाकिटंही मिळतात. जुलाबात रक्त दिसलं तर मात्र घरी थांबायचं नाही.

अँटिबायोटिकची भीती घालावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. अलीकडे शिकलेल्या घरांत दुसरं टोकही दिसतं: इंटरनेटवर काहीतरी वाचून डॉक्टरांनी विचार करून लिहिलेलं अँटिबायोटिक द्यायचंच नाही. न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, टायफॉइड, रक्ताचे जुलाब, काही प्रकारचा घसा, यांत अँटिबायोटिक वेळेवर मिळणं जीवनमरणाचा प्रश्न असू शकतो. विशिष्ट जिवाणूमुळे आलेल्या घशावर उपचार झाले नाहीत तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. म्हणून कुठलं मूल घरी थांबू शकतं आणि कुठलं नाही, हे ओळखायला शिकवणं औषध शिकवण्याइतकंच गरजेचं आहे.

त्यातली एक गोष्ट प्रत्येक आईला करता येते: श्वास मोजणं. मूल शांत असताना, झोपेत असलं तर उत्तम, अंगावरचा कपडा वर करून पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास भरले तर लगेच डॉक्टर. आपल्या आज्या म्हणतात ना, "पोट उडतंय", तेच हे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल अंगावर पीत नसेल, दिलेलं सगळं ओकत असेल, झटका आला असेल, हाक मारूनही नीट जागं होत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, किंवा त्याचं अंग गार पडलं, तर घरातलं कुठलंच औषध देऊन बघायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. आणि खोकल्यासाठी मध चाटवायची आपली पद्धत वर्षाच्या आतल्या बाळाला चालत नाही, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. वर्षानंतर मध द्यायला हरकत नाही.

2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक आई खोकल्याचं सिरप हातात घेतल्यावर उलटसुलट करून वाचायला लागली, "हे चालेल ना ताई?" असं विचारायला लागली. ते योग्यच आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्रानेही तेव्हा बजावलं. पण त्याच आईने त्याच वेळी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागितलं तर तिला त्यात वावगं वाटत नाही. म्हणजे लोक वाचायला, विचारायला तयार आहेत. काय विचारायचं ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

याचा परिणाम काय होतो, ते मी एका कागदावर पाहिलंय. आमच्या वस्तीतल्या तीन वर्षांच्या मुलीचा लघवीचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघणाऱ्या तपासणीचा कागद, तिच्या आईने माझ्यापुढे ठेवला. एका खाली एक औषधांची नावं, आणि समोर आर किंवा एस. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, एस म्हणजे देतो. तोंडाने घ्यायच्या नेहमीच्या औषधांपुढे आर, आर, आर. एस होता तो खाली, शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांपुढे. जे दुखणं पातळ औषधाने घरी बरं व्हायला हवं त्यासाठी ते मूल हाताला सुई लावून रुग्णालयात पडून राहिलं. मुलगी बरी झाली. असे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. ज्या मुलाने फारसं अँटिबायोटिक घेतलेलंच नाही त्यालाही ते गाठू शकतात. म्हणून माझ्या मुलाचं मी बघून घेईन, असं म्हणून इथे भागत नाही. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे, आणि त्यात साधारण पाचातला एक मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलाचा होता.

टायफॉइडमध्ये आणखी एक अडचण होते. ताप चार-पाच दिवस हटत नाही म्हणून डॉक्टर रक्ताचं कल्चर सांगतात. पण घरी आधीच दोन-तीन डोस देऊन झालेले असतात, त्यामुळे नळीत जंतू बऱ्याचदा वाढत नाहीत आणि नक्की काय झालंय, कुठलं औषध चालेल, हे कळायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग बंद होतो. दिलेलं औषध डॉक्टरांपासून लपवलं जातं, ते ओरडतील म्हणून. आयांना मी हात जोडून सांगते, काय काय दिलंत ते सगळं डॉक्टरांना सांगा, बाटलीच घेऊन जा.

आमच्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणं हा गुन्हा आहे. पाकिटावरची उभी लाल रेघ त्यासाठीच आहे. 2016 मध्ये केंद्राने तिच्याबद्दल मोहीमही चालवली. सेफिक्सिमसारखी औषधं तर 1 मार्च 2014 पासून एच-वन या जास्त कडक यादीत आहेत, म्हणजे डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती औषध दिलं ते वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. तरीही मी नाही म्हटलं तर ते औषध पुढच्या गल्लीत मिळतं, हे गिऱ्हाईक मला तोंडावर सांगतं. केरळने 2024 पासून अशा दुकानांवर धाडी घालायला सुरुवात केली. आपल्याकडेही व्हायला हव्यात, आणि त्या माझ्या दुकानावरही याव्यात. पण नुसत्या धाडींनी रात्री दहा वाजता तापाने फणफणलेलं मूल घेऊन आलेल्या बाईला काय करायचं ते कळत नाही.

डॉक्टरांना माझी विनंती एकच आहे. पुडीत काय आहे ते लिहून द्या. छोट्या दवाखान्यांत गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर "काय चालू होतं?" या प्रश्नाला आईकडे उत्तर असतं, "पांढरी अर्धी आणि पिवळी पाव." आयांनीही विचारावं: डॉक्टर, यात अँटिबायोटिक आहे का, कशासाठी, किती दिवस, आणि फरक पडला नाही तर कधी परत येऊ? सुरू केलेल्या औषधाने दोन-तीन दिवसांत उतार नाही पडला तर त्याच डॉक्टरांकडे परत जावं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलला की अँटिबायोटिकही बदलतं. आणि डॉक्टर जेव्हा म्हणतात, "विषाणूचा ताप आहे, पाणी पाजा, तापाचं औषध द्या, दोन दिवसांनी दाखवा," तेव्हा त्यांनी फी घेऊन काहीच दिलं नाही असं समजू नये. तपासून, विचार करून 'नको' म्हणणं यालाच फी आहे.

आता पुन्हा त्या अर्ध्या तासाकडे येते. लसीकरणाला आई सहा, दहा, चौदा आठवड्यांनी येते, नवव्या महिन्यात येते, पुन्हा सोळाव्या महिन्यापासून दोन वर्षांच्या आत येते. इतक्या वेळा हमखास भेटणारी दुसरी जागा नाही. पहिल्या भेटीत श्वास मोजणं आणि धोक्याची लक्षणं. पुढच्या भेटीत माप, सिरिंज, तापाचं औषध. त्यापुढे पावडरची बाटली, आयांनी स्वतः पाणी घालून करून बघायची. नवव्या महिन्यात, पूरक आहार सुरू झालेला असतो तेव्हा, जुलाब, ओआरएस, झिंक. सगळं एकदम सांगितलं तर काही राहत नाही. बाहेर उभ्या बाबांना आत बोलवा आणि आजींना तर आग्रहाने, कारण दिवसभर औषध त्याच देतात. मराठीत आणि हिंदीत, चित्रं दाखवून. लसीकरणाच्या कार्डाला एक पान जोडा, त्यावर मुलाला दिलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव आणि तारीख डॉक्टरांनी लिहावी. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई हे शिकवू शकतील, पण त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यांना नुसतं पत्रक पाठवून चालणार नाही, मोबदला आणि साहित्यही द्यावं.

लस स्वतःही यातलंच काम करते, हेही तिथेच सांगावं. न्यूमोनियाच्या एका मुख्य जिवाणूविरुद्धची न्यूमोकोकलची लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. न्यूमोनिया कमी झाला की अँटिबायोटिक कमी लागतं. आणि टायफॉइडच्या बाबतीत तर नवी मुंबईने देशाला वाट दाखवली आहे. टायफॉइड कॉन्ज्युगेट लसीची सरकारी मोहीम भारतात पहिल्यांदा झाली ती इथे, 2018च्या जुलै-ऑगस्टमध्ये, नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा 22 आरोग्य केंद्रांपैकी 11 केंद्रांच्या हद्दीत सुमारे 1 लाख 13 हजार मुलांना ती लस टोचली गेली. ज्या महापालिकेच्या माणसांनी भर पावसाळ्यात, दीड महिन्यात हे केलं, त्यांना आठवड्यातून एका केंद्रात अर्धा तास बाटली आणि माप दाखवणं जड जाणार नाही. 18 ते 24 नोव्हेंबर हा औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंबद्दलचा जागतिक जागरूकता सप्ताह असतो. त्या आठवड्यात फलक लागतात, फोटो निघतात. त्याऐवजी याच आठवड्यात एखाद्या केंद्रात ही शिकवणी सुरू करावी आणि वर्षभर चालू ठेवावी.

साहित्याला फार खर्च नाही. पावडरच्या रिकाम्या बाटल्या, धुऊन खुणेसकट, मी साठवून ठेवल्या आहेत. त्यांत दुधाची पावडर घालून पाणी भरायचा सराव करता येतो. मापाची झाकणं आणि सिरिंजही मी देईन. माझ्या दुकानात दुसरे फार्मासिस्ट आहेत, त्यामुळे लसीकरणाच्या दिवशी सकाळी मला येता येईल. परिसरातल्या आणखी काही औषधविक्रेत्यांशी बोलणं झालं आहे, तेही आळीपाळीने यायला तयार आहेत. आरोग्य विभागाने वार आणि केंद्र तेवढं कळवावं.

आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट,
कोपरखैरणे, नवी मुंबई